शिरस्त्राण : आज्ञा आणि वस्तू

शिरस्त्राण हा शब्द मराठी वाचकाला प्रथम भेटतो तो इतिहासाच्या पुस्तकात. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवछत्रपतींनी अंगरख्याखाली चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप घातला होता, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्यानंतर हा शब्द भेटतो तो एकदम सरकारी अधिसूचनेत. मधल्या काळात वस्तू बदलली, तिचे कार्य बदलले आणि ती डोक्यावर चढविण्याचे कारणही बदलले. योद्धा टोप घालीत असे तो शत्रूच्या भयाने. आपल्याकडील दुचाकीस्वार हेल्मेट घालतो तो बहुधा चौकातील हवालदाराच्या भयाने. ज्याचे भय, त्याला पुरेल एवढीच वस्तू माणूस विकत घेतो. हवालदाराला पाच-पन्नास पावलांवरून डोक्यावर काही गोल दिसले म्हणजे पुरते. रस्त्याला तेवढे पुरत नाही.

हा भेद किती महाग पडतो ते आकड्यांवरून कळेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरील होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या त्याच अहवालात ५०,०२९ अशी दिली आहे; त्यांत ३५,६९२ चालक आणि १४,३३७ मागे बसलेले. या आकड्यांतून हेल्मेट होते की नव्हते एवढे कळते. होते ते कसले होते, त्याचा पट्टा बांधलेला होता की नुसताच लोंबत होता, हे कळत नाही. प्रशासनाची दृष्टी जिथे थांबते तिथे आकडेही थांबतात, आणि हेल्मेटचा आपल्याकडील इतिहास हा बऱ्याच अंशी या थांबलेल्या दृष्टीचा इतिहास आहे.

शर्यतीच्या मैदानातून लष्कराकडे

मोटारसायकल रस्त्यावर आली तेव्हा स्वाराच्या डोक्यावर कापडी किंवा चामडी टोपी असे. ती वाऱ्यासाठी आणि थंडीसाठी. डोक्याला मार बसू नये म्हणून वेगळे काही असावे, हा विचार प्रथम इंग्लंडातील ब्रुकलंड्स या शर्यतीच्या मैदानावर पुढे आला. तेथील वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांना डोके फुटलेले स्वार वारंवार पाहावे लागत. त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचे थर देऊन एक कडक टोप बनवून घेतला. शर्यतींचे नियमन करणाऱ्या संस्थेने प्रथम तो नाकारला. पण पुढे विचार बदलून १९१४ च्या आयल ऑफ मॅन येथील शर्यतीत तो सर्व स्पर्धकांना सक्तीचा केला. जगातील ही पहिली हेल्मेटसक्ती म्हणता येईल, आणि तिची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. सक्ती करणाऱ्यांना सक्तीचे कारण प्रत्यक्ष दिसत होते, आणि कोणता टोप घालायचा हे सक्तीबरोबरच ठरले होते.

शर्यतीच्या मैदानाबाहेर मात्र पुढील पंचवीस वर्षे काही घडले नाही. १३ मे १९३५ रोजी टी. ई. लॉरेन्स, ज्यांना जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखते, ते डॉर्सेट परगण्यातील आपल्या घराकडे ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून येत असताना, सायकलवरील दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. बोव्हिंग्टन येथील लष्करी रुग्णालयात सहा दिवस बेशुद्धावस्थेत राहून १९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचारांसाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियातील तरुण मेंदूशल्यविशारद होते. वाळवंटातल्या युद्धातून सुखरूप सुटलेला माणूस घराजवळच्या निवांत रस्त्यावर जातो, याचे दुःख अनेकांना झाले. केर्न्स यांनी त्या दुःखाचे पुढे संशोधन केले.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनमध्ये रात्रीचे दिवे मालवले गेले आणि लष्कराचे निरोप पोचविणारे मोटारसायकलस्वार अंधाऱ्या रस्त्यांवरून धावू लागले. केर्न्स यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हिशोब मांडला : युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत मोटारसायकलवरील २,२७९ चालक व सहप्रवासी मेले; युद्धापूर्वीच्या तेवढ्याच महिन्यांत ही संख्या १,८८४ होती. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यांच्या पाहण्यात अवघे सात आले, आणि त्या सातांपैकी एकाचीही डोक्याची इजा प्राणघातक नव्हती. सात ही संख्या अगदी लहान आहे, हे केर्न्स यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला कोणी सांगायला नको होते. पण लष्कराने अधिक पुराव्याची वाट पाहिली नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये कामावरील प्रत्येक लष्करी मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे झाले.

आज्ञा निघाली म्हणून केर्न्स स्वस्थ बसले नाहीत. पदार्थशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबर्न यांच्यासह त्यांनी १९४३ मध्ये दुसरा लेख लिहिला आणि त्यात निरनिराळ्या प्रकारच्या हेल्मेटांची, म्हणजे रबरी आणि लगद्याच्या हेल्मेटांची, तुलना केली. होलबर्न यांनी त्याच सुमारास आणखी एक मूलगामी विचार मांडला : मेंदूला इजा होते ती नुसत्या ठोक्याने होत नाही, डोके झटक्यात वळल्याने मेंदूच्या आत जे ताण पडतात त्यांनीही होते. १९४६ च्या लेखात केर्न्स यांनी मृत्यूंचा आलेख उतरत गेल्याचे दाखविले. १९४२ मध्ये नागरिकांचे नेहमीचे पेट्रोल बंद झाले, त्याचाही त्या उताराला हातभार लागला असणार; पण हेल्मेटचे कार्य आता सिद्ध झाले होते.

प्रशासनाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. लष्कराने आज्ञा दिली, वस्तूही लष्करानेच दिली, आणि ती वस्तू कशी वागते हे तपासण्यासाठी लष्कराच्याच रुग्णालयातील माणूस बसविला. आज्ञा, वस्तू आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी एका हातात होत्या. नागरी जीवनात त्या तिघी तीन दिशांना जातात.

मोडण्यासाठी घडविलेली वस्तू

लोखंडी टोपाचे काम तलवारीचा वार अडविणे. तो जितका कठीण तितका चांगला. पुष्कळ लोक हेल्मेटकडेही त्याच दृष्टीने पाहतात आणि दुकानात बोटाने टकटक वाजवून परीक्षा करतात. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाचा प्रश्न निराळा आहे. त्याचे डोके वेगात असते आणि एका क्षणात थांबते. कवटी थांबते, आतला मेंदू धावतच असतो. म्हणून थांबण्याला थोडा अवधी आणि थोडे अंतर मिळवून देणे, हे हेल्मेटचे खरे कार्य. ते अंतर एखाद-दोन इंचांचेच असते. परंतु त्या इंचांत जगणे-मरणे ठरते.

ही गोष्ट वस्तूत उतरविली ती दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील सी. एफ. लोम्बार्ड आणि त्यांचे सहकारी हर्मन रॉथ यांनी. १९५३ मध्ये त्यांना मिळालेल्या पेटंटात आजच्या हेल्मेटचा आराखडा आहे : बाहेर कठीण कवच, आत ठोका शोषून चिरडले जाणारे अस्तर. पुढे या अस्तरासाठी जो पदार्थ रूढ झाला तो आपल्या परिचयाचा आहे. गणपतीच्या मखरासाठी घराघरांत जो थर्माकोल आणला जात असे, त्याचाच हा अधिक दाट प्रकार. तो चिरडला की पुन्हा फुगत नाही. म्हणून एका जोरदार आघातानंतर हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी त्याचे आयुष्य संपलेले असते.

१९५६ मध्ये पीट स्नेल हा शर्यतीतील मोटारचालक डोक्याच्या इजेने मरण पावला आणि १९५७ मध्ये त्याच्या नावाने हेल्मेटची परीक्षा घेणारी संस्था अमेरिकेत उभी राहिली. मित्राच्या हेल्मेटने त्याला दगा दिला, म्हणून इतरांची हेल्मेटे पारखून घेऊ, असा तो संकल्प होता. साठच्या दशकाच्या अखेरीस हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट आले. १९६८ मध्ये डॅन गर्नी या विख्यात चालकाने ते मोटारशर्यतींत वापरले आणि लौकरच ते मोटारसायकलस्वारांकडे गेले. सत्तरच्या दशकात धुळीच्या आणि चिखलाच्या शर्यतींसाठी त्याचीच एक निराळी शाखा फुटली : पुढे काढलेली हनुवटी, काच नाही, त्या जागी वेगळा चष्मा, आणि कपाळावर लांब छज्जा.

अमेरिकेतच हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने पुष्कळ समज खोटे पाडले. अपघात भरधाव वेगानेच होतात असे नाही; अपघातापूर्वीचा मध्यक वेग ताशी सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटरच्या आसपास होता. हेल्मेटमुळे ऐकू येत नाही किंवा बाजूचे दिसत नाही म्हणून अपघात झाला, याला आधार मिळाला नाही. आपल्याकडे आजही घरोघरी चालणाऱ्या या वादाचे उत्तर चार दशकांपूर्वीच मिळून गेले आहे. २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेने अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही सर्वज्ञात व्हावा : हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

सक्तीचे निरनिराळे मार्ग

सर्वसामान्य नागरिकांवर सक्ती करणारा पहिला कायदा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने केला. तो १ जानेवारी १९६१ पासून अमलात आला. ज्या ब्रिटनमध्ये केर्न्स यांनी काम केले, तेथे नागरी सक्तीला १ जून १९७३ चा दिवस उजाडावा लागला. केर्न्स १९५२ मध्येच वारले होते. तीनच वर्षांनी, १९७६ मध्ये, ब्रिटिश संसदेने पगडीधारी शिखांना त्यातून सूट देणारा स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत केंद्र सरकारने १९६६ नंतर महामार्गांच्या निधीची अट घालून राज्यांना वळविले; १९७५ पर्यंत ४७ राज्यांत सक्ती आली. १९७६ मध्ये काँग्रेसने ती अट काढली आणि एकामागून एक राज्यांनी कायदे रद्द केले किंवा सैल केले. मृत्यू वाढले. निधीच्या लोभाने स्वीकारलेला नियम निधीबरोबरच गेला, कारण त्याचे कारण लोकांच्या मनात कधी रुजलेच नव्हते.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९७७ च्या दुरुस्तीने कलम ८५-अ घालून हेल्मेटची तरतूद झाली. आंध्र प्रदेशाच्या नियमाला एका नागरिकाने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. हेल्मेटच्या सक्तीमुळे मुक्त संचाराच्या मूलभूत हक्कावर गदा येते, असा त्याचा युक्तिवाद होता. १९८८ मध्ये ‘अजय कानू विरुद्ध भारत सरकार’ या निकालाने तो फेटाळला गेला. त्याच वर्षीच्या नव्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने देशभर सक्ती केली. पगडी घातलेल्या शिखांना त्यातून वगळले आणि अन्य अपवाद करण्याचा अधिकार राज्यांना दिला.

या कलमाचे स्पष्टीकरण वाचण्यासारखे आहे. शिरस्त्राण म्हणजे काय, हे सांगताना कायदा दोन अटी घालतो : आकार, पदार्थ आणि बांधणी यांमुळे अपघातात काही संरक्षण मिळेल अशी रास्त अपेक्षा करता यावी, आणि ते पट्ट्याने किंवा तत्सम बंधनाने डोक्यावर घट्ट बसविलेले असावे. म्हणजे पट्टा न बांधता डोक्यावर ठेवलेली वस्तू कायद्याच्या भाषेत शिरस्त्राणच नव्हे. ते भारतीय मानक ब्यूरोच्या मानकानुसार असावे, अशीही अट २०१९ च्या दुरुस्तीच्या कितीतरी आधीपासून या कलमात होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तर दुचाकी विकताना उत्पादकाने मानकानुसार हेल्मेट द्यावे असेही म्हटले आहे. कागदावर काहीच उणे नव्हते.

उणे होते ते निराळ्या ठिकाणी. मानकाचे हेल्मेट घालण्याचे बंधन स्वारावर होते. मानकाचेच हेल्मेट विकण्याचे बंधन विक्रेत्यावर नव्हते. आयएस ४१५१ हे भारतीय मानक दशकानुदशके अस्तित्वात होते, त्याच्या आवृत्त्याही निघत होत्या. १९९३ नंतर २०१५ मध्ये ते नव्याने प्रसिद्ध झाले. परंतु रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या प्लास्टिकच्या वाट्यांचा आणि त्या मानकाचा काही संबंध नव्हता. सक्तीची मोहीम निघाली की त्या वाट्यांचा बाजार बहरे, मोहीम ओसरली की बाजारही ओसरे. केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला तो २०२० मध्ये, आणि १ जून २०२१ पासून मानकचिन्ह नसलेले दुचाकीस्वारांचे हेल्मेट बनविणे वा विकणे बेकायदा झाले. १९८८ ते २०२१ : आज्ञा आणि वस्तू यांची गाठ पडायला तेहतीस वर्षे लागली. ब्रिटिश लष्करात ती पहिल्याच दिवशी पडली होती.

अपवादांचा इतिहासही असाच बोलका आहे. दिल्लीत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्त्रियांना हेल्मेट ऐच्छिक होते. २०१४ मध्ये शीख स्त्रिया वगळता इतरांना ते सक्तीचे झाले. धार्मिक श्रद्धेचा मान राखणारा अपवाद समजण्यासारखा आहे. पण नियम व्यापक आणि अंमलबजावणी अवघड झाली की प्रशासन अपवादाची वाट धरते, आणि ज्यांच्यासाठी तो काढला त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागते. मागे बसणारी स्त्री, तिच्या मांडीवरचे मूल, पुढे टाकीवर बसविलेले दुसरे मूल, ही आपल्या दुचाकीची खरी प्रवासीसंख्या. कायद्याचे तिच्याकडे लक्ष गेले ते अलीकडे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे केले आणि उल्लंघनास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद केली. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठीही हेल्मेट आणि बांधून ठेवणारा पट्टा यांचे नियम घालून दिले व तशा प्रवासात वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर ठेवली.

पुण्याचा उल्लेख केल्यावाचून मराठी वाचकाला हा विषय पूर्ण वाटणार नाही. हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती हे तेथील सार्वजनिक जीवनाचे एक लेणेच होऊन बसले आहे. २०१९ च्या आरंभी कारवाई कडक झाली तेव्हाही विरोध रस्त्यावर आला. पुणेकरांच्या या हट्टाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्यांच्या तक्रारींतील काही भाग विचारार्ह आहे. शहरातील वाहतूक संथ, उन्हाळा कडक, हेल्मेट जड आणि ठेवायला जागा नाही, या अडचणी काल्पनिक नव्हेत. देशाच्या हवामानास मानवतील अशी हलकी हेल्मेटे हवीत, ही शिफारस २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनेही केली आणि त्यानुसार मानकात बदल झाले. विरोधकांची चूक निष्कर्षात आहे. वस्तू गैरसोयीची असेल तर चांगली वस्तू मागावी. डोके उघडे ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. आणि संथ रहदारीचे म्हणाल, तर हर्ट यांचा ताशी ४८ किलोमीटरचा आकडा वर दिलाच आहे.

निवड कशी करावी

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी पुष्कळ जण बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम येथे रोज दुचाकीने कचेरी गाठतात आणि सुटीत लडाख, स्पिती किंवा सह्याद्रीच्या घाटवाटा धुंडाळतात. दुकानात गेल्यावर त्यांच्यापुढे दोन जातींची हेल्मेटे येतात : शहरी आणि आडवाटेची. ही विभागणी परदेशी बाजाराने केलेली आहे. आपल्याकडे ती पूर्णपणे लागू पडत नाही. डोंगरी तालुक्यातील ग्रामसेवक, शाळामास्तर, आरोग्यसेविका यांची रोजची ये-जा अर्धी डांबरावरून आणि अर्धी मुरुमावरून असते. त्यांच्यासाठी आडवाट ही सुटीची हौस नसून नोकरीचा भाग आहे. आणि तिथे हवालदार नसतो, जवळ मोठे रुग्णालयही नसते. म्हणून निवडीचा खरा विचार त्यांच्या बाजूने करावा.

पहिली गोष्ट चिन्हाची. आयएसआय चिन्ह, त्यावर आयएस ४१५१ हा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. तो क्रमांक मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल उपयोजनात घालून खरा-खोटा तपासता येतो. नुसते चिन्ह छापणे कोणालाही जमते. परदेशात राहणाऱ्यांना युरोपीय मानकाचे हेल्मेट मिळेल. वर्तुळातील ई हे त्याचे चिन्ह. त्यातील २२.०६ ही नवी आवृत्ती अधिक चांगली, कारण तिच्यात तिरकस आघाताचीही परीक्षा घेतली जाते. होलबर्न यांनी १९४३ मध्ये सांगितलेली गोष्ट परीक्षागृहात पोचायला अशी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला.

दुसरी गोष्ट हनुवटीची. जर्मनीतील डीटमार ओटे यांनी १९९१ मध्ये अपघातग्रस्त हेल्मेटांवरील आघातांच्या जागा मोजल्या. एकतृतीयांशाहून थोडे अधिक आघात हनुवटीच्या भागावर होते. तोंड उघडे ठेवणारे हेल्मेट तो भाग वाऱ्यावर सोडून देते. आडवाटेवर तर पुढचे चाक दगडाला अडून माणूस हँडलवरून तोंडघशी पडतो. तेव्हा शहरासाठी असो वा कच्च्या रस्त्यासाठी, हनुवटी झाकणारेच घ्यावे. हनुवटी वर उचलता येणारी हेल्मेटे सोयीची असतात. युरोपीय चिन्हांत अशा हनुवटीची परीक्षा झाली असेल तर पी हे अक्षर दिसते. ते नसेल तर ती हनुवटी दिखाऊ समजावी.

तिसरी गोष्ट मापाची. भुवयांच्या वर बोटभर आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फीत धरून घेर मोजावा. प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो. हेल्मेट घातल्यावर गाल किंचित दाबले जावेत, कपाळावर मात्र एका ठिकाणी टोचू नये. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे वळविल्यास गालाची कातडी बरोबर सरकली पाहिजे. मग पट्टा बांधून मागच्या कडेला धरून पुढे उलथविण्याचा प्रयत्न करावा. निघून आले तर ते हेल्मेट आपले नव्हे. सैल हेल्मेट आरामदायी वाटते आणि नेमक्या प्रसंगी आपल्याआधी रस्त्यावर पोचते. ‘थोडे मोठे घ्या, मुलगाही वापरील’ ही आपली काटकसर कपड्यांच्या बाबतीत ठीक आहे.

आता आडवाटेच्या हेल्मेटची वैशिष्ट्ये. त्याची हनुवटी पुढे काढलेली असते, कारण चढणीवर, वाळूत वा चिखलात गाडी सांभाळताना माणूस जोरजोराने श्वास घेतो. काचेऐवजी चष्मा असतो, कारण संथ वेगात काचेवर वाफ धरते आणि तिच्या फटीतून धूळ शिरते. छज्जा ऊन आणि पुढच्या चाकाने उडविलेला चिखल अडवितो. हेच गुण महामार्गावर अवगुण ठरतात : ताशी ८०-९० किलोमीटरला छज्ज्यात वारा भरून मान मागे ओढली जाते, आवाज वाढतो, आणि पावसात उघड्या तोंडावर थेंब सुईसारखे टोचतात. उलट शहरी हेल्मेट कच्च्या चढणीवर भट्टीसारखे तापते. ज्याला दोन्ही करायचे आहे त्याने मिश्र जातीचे हेल्मेट पाहावे : काच आहे, छज्जाही आहे, आणि छज्जा काढून ठेवता येतो. मुख्यतः डांबरावर आणि कधीमधी कच्च्यावर जाणाऱ्याला, हवा खेळती असलेले साधे पूर्ण हेल्मेटही पुरते. ज्याचा रोजचा निम्मा रस्ता मुरुमाचा आहे, त्याने मात्र मिश्र जातीचाच विचार करावा. रात्री प्रवास असेल तर काच बिनरंगी असावी. काळ्या काचेने अंधारात खड्डा दिसत नाही.

कवच प्लास्टिकचे की काचतंतूंचे, हा प्रश्न लोक प्रथम विचारतात. तो शेवटी विचारावा. मानकाला उतरलेले, नीट बसणारे, पट्टा बांधलेले साधे हेल्मेट हे महाग, सैल आणि न बांधलेल्या हेल्मेटपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. जोराच्या आघातानंतर ते टाकून द्यावे. आघात झाला नाही तरी सुमारे पाच वर्षांनी बदलावे असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो, कारण घाम, ऊन आणि वापर यांनी आतले अस्तर व पट्टा झिजतात. जुने, कोणाचे तरी वापरलेले हेल्मेट घेऊ नये. त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट घेताना ते पहिल्याइतकेच चांगले घ्यावे. वर दिलेले १४,३३७ सहप्रवासी हे कोणाच्या तरी विश्वासाने मागे बसलेले होते.

प्रशासनाला एवढेच सुचवावेसे वाटते की गुणवत्ता आदेशानंतर तपासणीचा भर चौकातून बाजाराकडे न्यावा. एक बनावट कारखाना बंद केल्याने जे साधते ते हजार पावत्या फाडून साधत नाही. अपघाताच्या पंचनाम्यात हेल्मेटचे चिन्ह, प्रकार आणि पट्ट्याची स्थिती नोंदविली जावी. केर्न्स यांचे सारे संशोधन अशाच नोंदींवर उभे होते. आणि कच्च्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या आपल्याच कर्मचाऱ्यांना शासनाने चांगले हेल्मेट स्वतः पुरवावे. गणवेश देतो, छत्री देतो, तसेच हे. आज्ञा देणाऱ्याने वस्तूही द्यावी, ही १९४१ ची रीत अद्याप जुनी झालेली नाही.